धुक्यातला कुकारा

तुझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं तर मला विचार करावा लागत नाही. माझ्या आत्याचे. ती वडिलांची थोरली बहीण. लग्नानंतर थोड्याच वर्षांत तिचा नवरा गेला, तेव्हा दोन शेळ्या घेऊन ती माहेरी परत आली. पुढे मी रांगत असताना माझी आई गेली आणि मी आत्याच्या पदरात पडलो. वडील महाडच्या औद्योगिक वसाहतीत कंत्राटी कामावर होते. तिथंच खोली करून राहायचे आणि सुट्टीला वर यायचे. त्यामुळे मला वाढवलं ते आत्यानं. शेळ्यांना आणि मला ती एकाच आवाजात हाका मारायची, आणि आम्ही सगळे सारखेच मुकाट्यानं घरी यायचो.

आमची वाडी पोलादपूरच्या वर, डोंगरमाथ्यावर. मोजकी घरं, नाचणी-वरीची थोडी शेती, बाकी सगळा भार शेळ्या-म्हशींवर. गाडीरस्ता तेव्हा नव्हता. पावसाळ्यात वर धुकं असं बसायचं की पुढं केलेला हात दिसत नसे. गुरं तर चरायला न्यावीच लागत. मग माणसं एकमेकांना शोधणार कशी? तर कुकाऱ्यानं. तळहात तोंडाशी आडवा धरायचा आणि पोटातून लांब ‘कूऽऽ’ अशी हाक घालायची. जो ऐकेल त्यानं उत्तर द्यायचं. मग त्या आवाजाच्या रोखानं चालत जायचं.

ह्यात एक नियम होता आणि तो सगळ्या डोंगरावर पाळला जाई. कुकारा ऐकून गप्प बसायचं नाही. मग घालणारा कोणी का असेना. आमच्या शेजारच्या घराशी आमचं बांधावरच्या फणसावरून बोलणं बंद होतं. एकदा धुक्यात आत्या आणि शेळ्या कड्याच्या बाजूला गेल्या. तिनं कुकारा घातला, आणि उत्तर आलं ते नेमकं त्या शेजाऱ्याचं. ती घरापर्यंत येईस्तोवर तो अंगणात उभा राहून उत्तर देत राहिला. ती आली, त्यानं शेळ्या मोजल्यासारखं केलं आणि एक शब्द न बोलता आत जाऊन दार लावलं. दुसऱ्या दिवशी फणसावरचं भांडण पुन्हा चालू.

“एवढं केलंन तुझ्यासाठी, तर आता बोल की त्याच्याशी,” मी म्हणालो होतो.

“कशाला?” आत्या म्हणाली. “त्यानं काय माझ्यासाठी केलंन? कुकाऱ्यासाठी केलंन.”

माझी शाळा खालच्या गावात. पावसाळ्यात शाळा सुटायच्या सुमारास आत्या वरच्या सोंडेवर येऊन उभी राहायची आणि कुकारा घालायची. मी खालून उत्तर द्यायचो. चढता चढता आमचं हे चालू असायचं. दहावीपर्यंत मला कधी वाट चुकण्याची भीती वाटली नाही, कारण वाट मला सांभाळावीच लागत नव्हती.

भीती सुरू झाली महाडला. कॉलेजसाठी मी खाली उतरलो आणि एका ट्रकवाल्या चाचांच्या घराच्या माडीवर खोली घेतली. पहिल्याच आठवड्यात प्रयोगशाळेत सरांनी काहीतरी विचारलं आणि मी म्हणालो, “नाय सर, माझ्याकडं नाय हाय.” सगळा वर्ग हसला. सर हसले नाहीत, हे सांगायला हवं. पण त्या दिवसापासून माझं तोंड बंद झालं. कार्यालयाची खिडकी सापडली नाही तर मी दुसऱ्या मुलांच्या मागं चालत राहायचो. एकदा वडिलांच्या खोलीवर जाताना चुकीच्या फाट्यावर उतरलो, तर कोणालाही न विचारता कारखान्यांच्या कुंपणामागून कुंपणामागं भर उन्हात फिरत बसलो. महाडजवळच्या वीरच्या स्टेशनवर मी एका मित्राला सोडायला गेलो होतो. गाडी निघून गेल्यावर रिक्षात बसताना मला सुटल्यासारखं वाटलं, जसं काही मलाच जायचं होतं आणि ते टळलं होतं.

लोकांना अनोळखी गावी चोराची भीती वाटते, अपघाताची वाटते. मला भीती होती ती तोंड उघडण्याची. मी बोलणार, आणि सगळे मान वळवून बघणार.

चाचांचे दोन मुलगे आखातात होते. मी त्यांना एकदा विचारलं, “जाताना भ्यायले नाहीत का?”

“धाकटा विमानतळावर रडला,” चाचा म्हणाले. “थोरला हसला त्याला. आता थोरला फोनवर रडतो.”

तर अशा अवस्थेत मी बी.एस्सी. झालो. रसायनशास्त्रात, चांगल्या गुणांनी. वाडीतला पहिला पदवीधर. आत्यानं निकालाच्या दिवशी सगळ्या घरांत गूळ वाटला, फणसवाल्यांच्या घरातसुद्धा. तिथं तिनं गूळ ओट्यावर ठेवला आणि न बोलता परत आली. मग ज्या सरांच्या वर्गात माझं हसं झालं होतं त्यांनीच माझ्याकडून कोल्हापूरच्या विद्यापीठात एम.एस्सी.साठी अर्ज भरून घेतला. पत्र आलं. यादीत नाव होतं. ठरलेल्या दिवशी दुपारपर्यंत स्वतः हजर राहायचं, नाहीतर जागा पुढच्या मुलाला जाणार.

अजून काही दिवस हातात होते तरी आत्यानं मला आधीच निघायला लावलं. पोलादपूरला सकाळी साताऱ्याची एस.टी. धरली. पुढे साताऱ्याहून कोल्हापूर. ऐन पावसाचे दिवस होते. आंबेनळी घाट चढायला लागलो तसं धुकं दाटत गेलं. मी मागच्या काचेतून आमचा डोंगर शोधत होतो. पहिल्या काही वळणांवर त्याची सोंड दिसली, मग अर्धी दिसली, मग मागं नुसतं पांढरं. माझ्या मनात आलं, आता पुढे जे जे लागेल ते सगळं विचारत जावं लागणार. साताऱ्यात विचारावं लागणार, कोल्हापुरात विचारावं लागणार. किल्ल्याच्या फाट्याला गाडी थांबली आणि मी पिशवी घेऊन उठलो.

“तिकीट साताऱ्याचं हाय तुझं,” कंडक्टर म्हणाला. तो जाड मिशीचा, पन्नाशीकडे झुकलेला माणूस होता.

मी तसाच खाली उतरलो.

“अरे, काय विसरलं बिसरलं काय घरी?” त्यानं दारातून विचारलं. मी नुसती नकाराची मान हलवली. विसरलो म्हणालो असतो तरी चाललं असतं, पण तेवढंसुद्धा तोंडातून आलं नाही. त्यानं घंटी मारली आणि गाडी धुक्यात गेली.

मी पायवाटांनी उतरत घरी आलो. डोंगरात मी कधी चुकत नसे. पाणी धरून खाली उतरलं की कुठून तरी सावित्री नदीला लागायचं आणि सावित्रीला लागलं की माणसं भेटायची, हे आम्हाला लहानपणापासून ठाऊक. घरी पोचलो तेव्हा आत्या गोठ्यात होती. तिनं माझ्याकडं बघितलं, पिशवीकडं बघितलं.

“घाट बंद झाला काय?”

“नाय.”

“मग?”

“मीच उतरलो.”

तिनं हात धुतले आणि मला भाकरी वाढली. सुट्टी असल्यानं वडील वर आले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. ते रागावले नाहीत, आणि त्याचं मला जास्त वाईट वाटलं. ते म्हणाले, “नसंल होत तर राहू दे. पॅकिंगला माणसं घेतायत. मी कंत्राटदाराच्या कानावर घालतो. पदवी हाय म्हटल्यावर हिशेबाला बसवील कदाचित.”

“तू नको घालू कोणाच्या कानावर काय,” आत्या म्हणाली.

“अगो, त्याला भीती वाटते तर...”

“भीती मला पण वाटते. तुला पण वाटते. तू पहिल्यांदा वसाहतीत गेलास तेव्हा दोनदा परत आलेलास. सांगितलंस काय त्याला कधी?”

वडील पाण्याचा तांब्या उचलून बाहेर गेले. मला ही गोष्ट नवीन होती. तिनं मला विचारलं, “कुठं उतरलास?”

“किल्ल्याच्या फाट्याला. धुकं होतं. मागचं काय दिसत नव्हतं.”

“धुक्यात तू कधी बघत चाललायस रे? धुक्यात आपण कुकारा घालतो.”

“आत्या, तिकडं कोण देणार उत्तर? तिकडं कुणी ओळखीचं नाय.”

“फणसवाला काय माझा भाऊ लागतो?”

मी भाकरीचा तुकडा मोडत राहिलो. ती म्हणाली, “माणूस सगळीकडं हाय ना? मग उत्तर पण हाय. तू घालून बघितलास काय एकदा तरी? न घालताच म्हणतोस कोण देत नाय.”

कॉलेजच्या सगळ्या वर्षांत मी खरंच एकदाही घालून बघितला नव्हता.

हजर राहायच्या आदल्या दिवशी ती माझ्याबरोबर पोलादपूरला उतरली. डोक्यावर इरलं, पायात काही नाही. ती माझ्याबरोबर कोल्हापूरला येईल अशी मला मनातून आशा होती. स्टँडवर मी तसं सुचवूनही बघितलं. ती म्हणाली, “शेळ्यांचं कोण बघंल?” आणि माझ्या पिशवीत भाकऱ्यांचं गाठोडं नीट बसवत राहिली.

गाडी तीच, आणि कंडक्टरही तोच मिशीवाला.

“आला काय परत,” तो म्हणाला. “आज फाट्याचं देऊ का साताऱ्याचं?”

“साताऱ्याचं द्या,” आत्याच बोलली. “आणि मधी उतरायला लागला तर दार उघडू नका.”

“मावशी, दार उघडंच असतं आमचं. कडी मोडलीय.”

आजूबाजूचे हसले. मीही हसलो. बऱ्याच दिवसांनी चार अनोळखी माणसांत हसलो असेन. मी खिडकीपाशी बसलो. पाऊस लागल्यामुळे सगळ्या काचा ओढलेल्या होत्या. गाडी सुरू झाली, स्टँडबाहेर पडली, घाटाच्या रस्त्याला वळू लागली, आणि मागून कुकारा आला.

भर बाजारात. पोलादपूरच्या स्टँडवर, भाजीवाल्या, हमाल, शाळेची मुलं, सगळ्यांच्या मध्ये उभं राहून ती कुकारा घालत होती. गाडीतली माणसं मान वळवून बघायला लागली. कोणीतरी म्हणालं, “कोण गो ही येडी?” ज्याला मी सगळ्यात जास्त भीत होतो तेच चाललं होतं.

नियम मला ठाऊक होता. गप्प बसायचं नाही. मी काच खाली ओढायला बघितली, ती अडकलेली होती. मग तसाच जागेवर उभा राहिलो, तळहात तोंडाशी धरला आणि पोटातून उत्तर दिलं.

सगळ्या माना आता माझ्याकडं वळल्या. मग कंडक्टर म्हणाला, “असं होय. त्या दिवशी तोंडातून शब्द नव्हता फुटत, म्हटलं मुका हाय की काय.” एक म्हातारे गृहस्थ शेजारी बसले होते, ते म्हणाले, “आमच्या बापाच्या वेळेला ऐकलेला असा कुकारा. बस बाळा.” फाटा आला आणि गेला. मी बसून राहिलो. आजही त्या घाटातून जाताना फाटा मागं पडला की मला छाती किंचित फुगल्यासारखी वाटते. बरोबरचे लोक डोंगर बघत असतात.

घाटमाथा ओलांडून सातारा आला, तिथं पाटी वाचून न विचारताच कोल्हापूरची गाडी धरली, आणि पुढे सगळं सपाट. सपाटीचा असा धाक मला कधी वाटला नव्हता, कारण एवढी सपाटी मी कधी पाहिलीच नव्हती. दोन्ही बाजूंनी ऊस, आणि ज्यावरून आपण कुठं आहोत हे कळावं असा एकही डोंगर जवळ नाही. कोल्हापूरला पोचलो तोवर कचेऱ्या बंद झाल्या होत्या. स्टँडवरच एका बाकावर भाकरी खाऊन पडलो. सकाळी उजाडताच विद्यापीठाकडे निघालो. एका रिक्षावाल्यानं आपणहून हातानं दिशा दाखवली होती, तेवढ्यावर चालू लागलो. दोन चौक गेल्यावर रस्ते फुटले, आणि मी चुकलो.

तेव्हा मी जे केलं ते आमच्या डोंगरातल्याच माणसानं करावं. पावसाचं पाणी रस्त्याकडेच्या गटारातून वाहत होतं. मी ते पाणी धरलं. पाणी जिकडे उतरेल तिकडे जायचं, म्हणजे वस्ती, बाजार, माणसं. मी चांगला ऐटीत चाललो होतो. पाणी मला पेठांमधून, बोळांमधून नेत नेत बरोबर नदीच्या अंगाला घेऊन गेलं. पुढे पंचगंगा दुथडी भरून चाललेली. विद्यापीठाचं कुठं नावनिशाण नव्हतं.

पण तिथं म्हशी होत्या. नदीकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला काळ्याभोर म्हशी ओळीनं उभ्या होत्या, मालक गिऱ्हाइकासमोर धार काढत होते आणि लोक उभ्या उभ्या फेसाळ दूध पीत होते. शेणाचा, पेंडीचा, दुधाचा तो वास आला आणि माझा जीव भांड्यात पडला. एका पटकेवाल्या म्हाताऱ्यापाशी गेलो. तो धार काढत होता. मला आत्याचं वाक्य आठवलं, तू घालून बघितलास काय एकदा तरी?

“बाबा, मी वाट चुकलोय,” मी म्हणालो. “मला विद्यापीठात जायचं हाय. वाट ठाव नाय.”

‘हाय’ आणि ‘नाय’ दोन्ही झालं. त्यानं मान वळवून बघितलं. धार थांबली नाही.

“कुठलं म्हणायचं रं गाव?”

“पोलादपूर. कोकणात, घाटाखाली.”

“आणि हिकडं कुणीकडनं आलास?”

“गटाराचं पाणी धरून.”

आता मात्र धार थांबली. “पाणी धरून?” त्यानं शेजारच्या गवळ्याला हाक मारली. “ऐकलंस काय? ह्यो गडी पाणी धरून विद्यापीठ हुडकतोय.” दोघं पोट धरून हसले. मला वाईट वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. ते हसणं मला घरी शेळी उलटी चालल्यावर हसतात तसलं वाटलं.

“आरं लेकरा,” म्हातारा म्हणाला, “विद्यापीठ हाय वरल्या अंगाला, माळावर. तू समदं गाव उतरून आलास. आता ह्ये पी पयलं.” त्यानं पेला माझ्या हातात दिला. दूध कोमट होतं. मी म्हशीच्या पाठीवर हात ठेवून प्यायलो. म्हातारा म्हणाला, “म्हशी हाईत वाटतं घरात. हात ठेवतोस त्यावरनं कळलं.” मग दुधाच्या किटल्या लुनावर अडकवून शेजारचा गवळी रतीब घालायला निघाला होता, त्याच्या मागं मला बसवलं. वाटेत चार दारांत रतीब घालत त्यानं मला विद्यापीठाच्या फाटकात सोडलं आणि वर म्हणाला, “येताना पाण्याच्या उलट जा, म्हंजे बरोबर येशील.”

खिडकीवर मी माझं नाव सांगितलं, आणि कुठं उभं राहायचं ते विचारलं. मग कुठली पावती लागते तेही विचारलं, आणि वसतिगृह कुठं ते तर दोघांना विचारलं. एकानं ओरडून सांगितलं, एकानं समजावून. पण उत्तर सगळ्यांनी दिलं. दुपार व्हायच्या आत माझ्या हातात प्रवेशाची पावती होती. तिच्यावर गावाच्या जागी आमच्या वाडीचं नाव होतं.

त्यानंतर मी पुष्कळ फिरलो. नोकरीनं गुजरातेत नेलं, आंध्रात नेलं, जिथं भाषाही येत नव्हती तिथं नेलं. भीती प्रत्येक ठिकाणी स्टेशनवर उतरताना येते. ती गेली असं मी म्हणणार नाही. पण आत्याचा नियम माझ्याजवळ आहे आणि तो अजून कुठं खोटा ठरलेला नाही.

प्रवेशाची पावती मिळाली त्याच दिवशी वसतिगृहाच्या पायरीवर बसून मी आत्याला पत्र लिहिलं. तिला वाचता येत नव्हतं. टपाल खालच्या गावातल्या दुकानात यायचं आणि शाळेचे मास्तर ते वर येऊन वाचून दाखवायचे. आधी कच्चं लिहून मग पक्कं करायची शाळेतली सवय होती, म्हणून कच्ची प्रत माझ्याकडं राहिली. ती अशी:

“आत्या, मायना नीट लिहीत नाही, मास्तर रागावतील, पण मला आधी खबर सांगायची आहे. मी पोचलो. जागा मिळाली. बाबांना सांग, कंत्राटदाराच्या कानावर काही घालू नका.

इथं सगळं सपाट आहे. पाणी धरून गेलं की विद्यापीठ लागत नाही, नदी लागते, हे मी पायांनी चालून बघितलं. नदीपाशी म्हशी आहेत. आपल्यापेक्षा थोराड, शिंगं मागं वळलेली, आणि अंग असं धुतात की आपल्याकडं लग्नाला माणसं धूत नाहीत. तिथल्या एका बाबांना मी विचारलं. तू म्हणालीस तसंच झालं. ते आधी हसले, मग त्यांनी दूध दिलं, मग वाट दिली. आज मी इतक्या लोकांना विचारलं की माझा घसा बसलाय.

भाकऱ्या पुरल्या. चटणी अजून आहे. काळ्या शेळीचा पाय बरा आहे का ते मास्तरांकडून कळव. तू येशील तेव्हा मी स्टँडवर उभा असेन. पण नसलो तर भिऊ नको, कोणालाही विचार. इथली माणसं उत्तर देतात.

आता मुख्य. काल तू स्टँडवर कुकारा घातलास तेव्हा गाडी वळली होती आणि काच अडकली होती. मी उत्तर दिलं होतं. उभं राहून, सगळ्या गाडीदेखत दिलं होतं, कंडक्टरला विचार. पण तुला ते ऐकू गेलं नसणार आणि तू तशीच डोंगर चढली असशील, हे मला रात्रभर लागून राहिलं. म्हणून ते ह्या पत्रातून पाठवतो. मास्तर, तुम्हाला हात जोडून विनंती आहे, पुढची ओळ नुसती वाचू नका. आमच्या अंगणाच्या टोकाला जाऊन उभे राहा, हात तोंडाशी धरा आणि मोठ्यानं घाला.

कूऽऽऽ.”